चरा आणि चीर

अक्रोडाचं अर्धं कवच. देवीच्या रोगावर अठराव्या शतकात युरोपात लॅटिन, फ्रेंच, इंग्रजीतून जे अफाट लिहिलं गेलं, त्यातली एकच वस्तू उचलून हातात घ्यायची तर मी हे कवच घेईन. ते सापडतं एमान्युएल टिमोनी या वैद्याच्या पत्रात. डिसेंबर १७१३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून लिहिलेलं हे पत्र १७१४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं गेलं. सौम्य देवी मुद्दाम आणायच्या, म्हणजे पुढे जोराच्या देवी येत नाहीत, यासाठी तिकडे देवी कशा टोचतात, याची त्यात बारीक हकीकत आहे.

कृती अशी. ज्याला चांगल्या, सुट्या सुट्या देवी आल्या आहेत असा धडधाकट मुलगा शोधायचा. आजाराच्या बाराव्या-तेराव्या दिवशी त्याच्या अंगावरचे काही फोड सुईने फोडायचे आणि पू दाबून धुतलेल्या काचेच्या भांड्यात घ्यायचा. भांडं बंद करायचं आणि नेणाऱ्याने ते छातीशी, अंगाच्या उबेत धरून न्यायचं. ज्याला टोचायचं त्याच्या दंडावर सुईने बारीक बारीक टोचायचं, रक्ताचा थेंब दिसेपर्यंतच. त्या थेंबात पू कालवायचा. वर अक्रोडाचं अर्धं कवच पालथं घालून बांधायचं, म्हणजे कपड्याने तो पुसला जात नाही. काही तासांनी सोडायचं. पुढे वीस-पंचवीस दिवस मांस आणि मांसाचं कढणही वर्ज्य. हे सगळं थंडीच्या तोंडाशी किंवा वसंतात करायचं.

एवढंच. त्यात चाकू नाही, मलमपट्टी नाही, रक्त काढणं नाही, जुलाब नाही. १७१५ साली व्हेनिसमध्ये जाकोमो पिलारिनीचं छोटं लॅटिन पुस्तक आलं, त्यानेही हाच प्रकार सांगितला. म्हणजे उत्तर पहिल्याच पानावर होतं. पुढची पन्नास वर्षं युरोपातल्या वैद्यांनी त्यात भर घातली आणि मग ती भर एकेक करून काढून टाकली. त्या शतकाची देवीबाबतची खरी विद्या मला या काढून टाकण्यात दिसते.

भर का घातली हे समजायचं तर रोगाविषयी त्यांच्या डोक्यात काय होतं ते पाहायला हवं. अर-राझी, ज्याला युरोप ऱ्हेझिस म्हणतो, त्याने नवव्या-दहाव्या शतकात लिहून ठेवलं होतं की द्राक्षाचा रस फसफसून जशी वाइन होते तसं लहान मुलाचं रक्त फसफसून मोठ्या माणसाचं होतं, आणि त्या फसफसण्यात देवी अंगावर येतात. रिचर्ड मीड या लंडनच्या नामांकित वैद्याने १७४७ साली देवी आणि गोवरावरच्या आपल्या लॅटिन पुस्तकासोबत ऱ्हेझिसचा ग्रंथही लॅटिनमध्ये छापला. आठशे वर्षं उलटली तरी ते पुस्तक वैद्याच्या हाताशी असण्याजोगं होतं. देवीचं बीज प्रत्येकाच्या रक्तात जन्मतःच असतं, ते एकदा फुटून बाहेर पडलं की माणूस सुटला, ही समजूत त्यातूनच आलेली. देवी एकदाच येतात हे तिने सहज उलगडत होतं, म्हणून ती टिकली.

जर्मनीत याच काळात एक वाद रंगला, जो वरवर पाहता कोरड्या पंडितांचा वाटतो. योहान गॉटफ्रीड हानने १७३३ मध्ये मांडलं की प्राचीन ग्रीकांनाही देवी ठाऊक होत्या, त्यांच्या ग्रंथांतल्या ‘अँथ्रॅक्स’ म्हणजेच देवी. हॅनोव्हरच्या पॉल गॉटलीब वेर्लहोफने १७३५ मध्ये त्याला ग्रीक शब्दांचा कीस काढत उत्तर दिलं. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. बीज जन्मजात असेल तर ते हिपोक्रेटिसच्या काळच्या मुलांतही असायला हवं. ग्रीकांना देवी आल्याच नसतील तर रोग मागाहून, बाहेरून आला. आणि जे बाहेरून आलं ते बाहेरच अडवता येईल. शब्दकोशातल्या भांडणाखाली एवढा मोठा प्रश्न होता. लायडनचा वैद्य बोरहाव्ह याने १७०९ मध्येच देवी संसर्गाने पसरतात असं बजावलं होतं, पण बीजाची कल्पना त्यानंतरही लवकर सुटली नाही.

आता भर कोणती ते. तिथल्या इंग्रज राजदूताची बायको लेडी मेरी वर्टली माँटेग्यू हिने आपल्या मुलाला १७१८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये टोचून घेतलं. एका हाताला तिथल्या म्हाताऱ्या ग्रीक बाईने बोथट, गंजक्या सुईने टोचलं, दुसऱ्या हाताला दूतावासाचा शल्यवैद्य चार्ल्स मेटलंड याने आपल्या धारदार लॅन्सेटने, म्हणजे शल्यवैद्याच्या छोट्या सुरीने. त्या एका मुलाच्या दोन हातांवर पुढच्या अर्धशतकाचा सगळा फरक उमटलेला आहे. गंजकी सुई स्वच्छतेच्या दृष्टीने वाईटच, पण ती खोल जात नव्हती. १७२१ च्या एप्रिलमध्ये मेटलंडनेच लंडनमध्ये लेडी मेरीच्या मुलीला टोचलं. ९ ऑगस्टला न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर प्रयोग झाला: तीन पुरुष, तीन बायका, फाशी माफ करण्याच्या बोलीवर. या वेळी दोन्ही हातांना आणि उजव्या पायाला चिरा दिल्या. सहाही जण वाचले आणि सप्टेंबरमध्ये सुटले. एकाला काहीच झालं नाही, कारण त्याला आधीच देवी येऊन गेल्या होत्या.

प्रयोग यशस्वी झाला, आणि त्याबरोबर चीरही मान्य झाली. सुईच्या टोचणीची जागा दंडावर आणि विरुद्ध बाजूच्या पायावर दिलेल्या लांब, खोल चिरांनी घेतली. चिरेत पुवाने भिजवलेला कापसाचा बोळा किंवा दोरा ठेवून वर पट्टी बांधायची. यामागे हलगर्जीपणा मुळीच नव्हता. आत साठलेलं विष वाहून जायला वाट हवी, जखम जितके दिवस वाहील तितका रोगी हलका होईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. वाहत्या जखमेला ते यशाची खूण मानत. प्रत्यक्षात तो बंद बोळ्याखाली पोसलेला पू असे. जखम चिघळायची, धावरं, म्हणजे कातडीवरची लाल सूज, पसरायचं, काखेत गाठी धरायच्या आणि देवी ओसरल्यावरही माणूस आठवडेच्या आठवडे त्या व्रणाशी झगडत राहायचा.

दुसरी भर ‘तयारी’ची. शिरेतून रक्त काढायचं, जुलाब द्यायचे, पातळ शाकाहारावर ठेवायचं, तेही दिवसेंदिवस. १७५७ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या आठ वर्षांच्या एका मुलाला असं सहा आठवडे रक्त काढून, उपाशी ठेवून हाडांचा सापळा केलं आणि मग टोचून इतर मुलांबरोबर तबेल्यासारख्या जागेत बंद ठेवलं. त्याचं नाव एडवर्ड जेन्नर. वाढत्या वयाच्या मुलाला विषाणूशी झुंज द्यायला पाठवायचं आणि आधी महिना-दीड महिना त्याची ताकद काढून घ्यायची, याचा अर्थ आज कळतो. तेव्हा मात्र तो वैद्याच्या कसोशीचा पुरावा होता. खर्चाचंही बघा. गरिबाच्या मुलाला सहा आठवड्यांची तयारी परवडत नसे, म्हणून टोचणी श्रीमंतांच्या घरात अडकून पडली.

इतकं असूनही टोचणी फायद्याची आहे हे कशावरून? इथे मोजणी पुढे आली, आणि या मोजणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो. हॅलिफॅक्सचा थॉमस नेटलटन यॉर्कशरच्या आसपास देवीची साथ आली की किती जणांना आल्या आणि किती गेले याचे आकडे गोळा करायचा. हॅलिफॅक्स २७६ पैकी ४३, रॉचडेल १७७ पैकी ३८, लीड्स ७९२ पैकी १८९. एकूण १२४५ पैकी २७०. शंभरात जवळजवळ २२. हे आकडे त्याने रॉयल सोसायटीचा सचिव जेम्स ज्युरिन याच्याकडे धाडले. ज्युरिनने जाहिरात देऊन देशभरातून टोचणीच्या नोंदी मागवल्या: नाव, वय, गाव, कसं टोचलं, कोणत्या दिवशी ताप आला, फोड कोणत्या प्रकारचे, शेवट काय झाला. पुढे हे काम शॉइख्त्सरने चालवलं. १७२९ पर्यंतचा हिशेब असा: टोचलेले ८९७, त्यांपैकी ८४५ जणांना देवी आल्या, १३ जणांना अर्धवट, ३९ जणांवर परिणामच नाही, आणि मृत्यू १७. या १७ मध्ये टोचणीमुळेच गेले की दुसऱ्या आजाराने, असा संशय असलेलेही धरले आहेत. आपल्या बाजूच्या विरुद्ध जाणारा संशयित आकडाही लपवला नाही, म्हणून त्या तक्त्यावर विश्वास बसतो.

अटलांटिकपलीकडे बोस्टनमध्ये १७२१ च्या साथीत झाबडील बॉइल्स्टनने टोचणी केली. त्याला ती सुचवली कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाने, आणि मॅदरला ती सांगितली होती ओनेसिमस या त्याच्या आफ्रिकी गुलामाने. बॉइल्स्टनने दिलेले आकडे: नैसर्गिक देवी आल्या ५७५९ जणांना, गेले ८४४. टोचले २८६, गेले ६. पहिल्यात सात जणांमागे जवळपास एक, दुसऱ्यात ४८ मागे एक.

या तुलनेत एक खोट होती आणि ती लगेच कुणीतरी दाखवून दिली. लंडनचा आयझॅक मॅसी हा औषधविक्रेता म्हणाला की टोचतात ते निवडून, निरोगी, चांगल्या घरचे लोक, आणि त्यांची तुलना करता गल्लीबोळातल्या आजारी, अर्धपोटी माणसांशी. सारख्याशी सारखं तोला. मॅसी टोचणीचा विरोधक होता म्हणून त्याचं नाव सहसा चेष्टेने घेतलं जातं, ते मला खटकतं. त्याचा निष्कर्ष चुकला, पण प्रश्न अचूक होता.

१७६० च्या ३० एप्रिलला पॅरिसच्या विज्ञान अकादमीत डॅनिएल बर्नूली या गणितज्ञाचा निबंध वाचला गेला. त्याने दोन गृहीतकं घेतली: देवी न आलेल्यांपैकी दरवर्षी आठांत एकाला त्या येतात, आणि आल्या की आठांत एक दगावतो. मग हॅलीचा ब्रेस्लाऊ शहराचा जन्ममृत्यूचा तक्ता घेऊन त्याने एकेक वर्ष उलगडलं. पहिली ओळ पाहा. १३०० बाळं जन्मली, वर्षाअखेर १००० उरली. वर्षभरात १३७ जणांना देवी आल्या, त्यांचा आठवा भाग म्हणजे १७.१ बाळं त्यांनी गेली, उरलेली २८३ इतर कारणांनी. हयात हजारांपैकी ८९६ जणांना देवी अजून यायच्याच आहेत. ही ओळ संपली की दुसऱ्या वर्षाची. असं करत तो या उत्तराला पोचला की देवी नाहीशाच झाल्या तर सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिने होईल. टोचणीने दोनशेत एक बाळ गेलं असं धरलं तरी हा लाभ जेमतेम दोन महिन्यांनी घटतो. दशांशातलं मूल वाचताना अंगावर काटा येतो, पण एखाद्या साथीची अशी चिरफाड गणिताने त्याआधी कुणी केली नव्हती.

दालाम्बेर या फ्रेंच गणितज्ञाने त्याच वर्षी त्याला विरोध केला. वयोगटवार खरे आकडे हाती नसताना आठांत एक कुठून आणलं, हा एक आक्षेप. दुसरा जास्त खोल: सरकारला सरासरी पुरते, आईला पुरत नाही. टोचणीचा धोका या महिन्यात आहे, आणि लाभ म्हणजे आयुष्याच्या पार शेवटी जोडलेली दोन-तीन वर्षं. आजचा धोका आणि चाळीस वर्षांनंतरचा लाभ एकाच तागडीत कसे घालायचे? याचं उत्तर बर्नूलीपाशी नव्हतं. मला वाटतं ते गणितातून येणारही नव्हतं. ते आलं कातडीतून. धोकाच इतका कमी झाला की तोलायची गरज उरली नाही.

सफकमधल्या केंटन गावचा शल्यवैद्य रॉबर्ट सटन. १७५६ मध्ये त्याच्या मुलाला जुन्या पद्धतीने टोचलं आणि मुलाचे फार हाल झाले. बापाने ठरवलं की ही रीत बदलायची. त्याचा दुसरा मुलगा डॅनिएल याने १७६३ पासून एसेक्समध्ये इंगटस्टोनला घर थाटलं आणि तिथे माणसांची रीघ लागली. सटन मंडळी आपल्या औषधाच्या पुड्यांचं गुपित कुणाला सांगत नसत, म्हणून सगळे त्या पुडीत काय आहे याचा शोध घेत राहिले. गुपित पुडीत नव्हतंच. ते हाताच्या हलकेपणात होतं.

ते उघड केलं हर्टफर्डच्या थॉमस डिम्सडेलने, १७६७ च्या पुस्तकात. तयारी नऊ-दहा दिवसांची, साध्या आहाराची. (पाऱ्याची पुडी त्यानेही सोडली नाही.) ज्याला टोचायचं तो आणि ज्याच्या अंगातला द्रव घ्यायचा तो, दोघे एकाच खोलीत. लॅन्सेटचं टोक ताज्या द्रवात ओलं करायचं. वरची कातडी ओलांडून खालच्या खऱ्या कातडीला जेमतेम स्पर्श होईल इतकीच चीर, लांबी फार तर इंचाचा आठवा भाग. मग बोट आणि अंगठ्याने ती जागा किंचित ताणायची आणि लॅन्सेटची चपटी बाजू हलकेच टेकवून ओल आत द्यायची. पट्टी नाही, लेप नाही, बोळा नाही. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर चिरेभोवती नारिंगी डाग दिसतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटाला कठीणपणा लागतो, खाज येते. काख दुखू लागली की समजायचं काम लागू पडलं. सातव्या-आठव्या दिवशी ताप.

इथे दोन गोष्टी बदलल्या. चीर पुन्हा चरा झाली, आणि पिकल्या पुवाऐवजी टोचल्या जागेचा कोवळा, पातळ द्रव वापरात आला. फोडातून किंवा जखमेतून झरणाऱ्या पाण्याला मराठीत लसच म्हणतात, आणि आपण इंजेक्शनच्या बाटलीला जो शब्द वापरतो तो तिथून आलेला आहे. चरा सौम्य का, याचं आजचं उत्तर बहुधा असं: श्वासावाटे शिरलेला विषाणू दहा-बारा दिवस आतल्या आत वाढतो आणि मग एकदम अंगभर उठतो, कातडीच्या वरच्या थरात शिरलेला जागच्या जागी वाढू लागतो आणि शरीर लवकर सावध होतं. खोल चिरेत हा लाभ घटतो, वर पिकण्याचा त्रास वाढतो. डिम्सडेलला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला व्रण कसा भरतो ते दिसत होतं. पुढच्याच वर्षी, १७६८ मध्ये, त्याने पीटर्सबर्गला जाऊन रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिला टोचलं आणि दहा हजार पौंड, शिवाय सालाना पाचशे पौंड मिळवले.

त्याच १७६७ सालात आणखी दोन पुस्तकं आली. अँजेलो गात्ती या इटालियन वैद्याने फ्रेंचमध्ये सांगितलं की तयारी बिनकामाची आहे, निरोगी मूल जसं आहे तसं टोचा. आणि कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत वर्षानुवर्षं राहिलेल्या जे. झेड. हॉलवेलने लंडनच्या वैद्यांपुढे बंगालमधली पद्धत मांडली. वृंदावन, अलाहाबाद, काशीकडून ब्राह्मणांच्या टोळ्या निघायच्या, तिघे-चौघे मिळून. महिनाभर आधीपासून मासे, दूध, तूप बंद. पुरुषांना मनगट आणि कोपराच्या मध्ये, बायकांना कोपर आणि खांद्याच्या मध्ये. आधी कोरड्या फडक्याने आठ-दहा मिनिटं चोळायचं, मग छोट्या चांदीच्या नाण्याएवढ्या जागेत बारीक चरे. त्यावर गंगाजलाने ओला केलेला कापसाचा बोळा, सहा तास. पुढे ताप येईपर्यंत सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून गार पाण्याचे घडे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोळ्यातला पू गेल्या वर्षी टोचलेल्यांचा, ताजा नव्हे आणि नैसर्गिक देवीचाही नव्हे. साठवणीत जोर कमी झालेला तो पू आणि वरवरचा चरा. सटनच्या ज्या गुपितामागे इंग्लंड धावत होतं ते बंगालच्या अंगणांत दर वसंतात उघडपणे चालू होतं.

हलक्या हाताचाही एक तोटा होता. चरा फारच वरवर गेला किंवा द्रव वाळलेला असला की जागेवर नुसती लाली उठते, ताप येत नाही, आणि माणूस सुरक्षित झालो असं मानून घरी जातो. पॅरिसमध्ये गात्तीने टोचलेल्या एका डचेसला दोन वर्षांनी देवी आल्या तेव्हा त्याच्यावर रान उठलं. म्हणून डिम्सडेलच्या खुणा, नारिंगी डाग, कठीणपणा, काखेतली कळ, या सोहळा नव्हत्या. त्या लागल्या नाहीत तर पुन्हा टोचायचं.

टोचणीचा असाध्य दोष मात्र चऱ्याने गेला नाही. टोचलेल्या माणसाला सौम्य का होईना देवीच यायच्या, आणि त्याच्याकडून शेजारच्या मुलाला जायच्या त्या पूर्ण जोराच्या. सटनचे रोगी मोकळ्या हवेत फिरत. हे गांभीर्याने घेतलं चेस्टरच्या जॉन हेगार्थने. १७७४ च्या साथीनंतर त्याने शहरात घरोघर मोजलं: वस्ती १४,७१३, देवी आल्या १३८५ जणांना, गेले २०२, आणि कधीच न आलेले फक्त १०६०. मग त्याने नियम केले. देवी न आलेल्या कुणी रोग्याच्या घरी जायचं नाही, कपडे-भांडी धुतल्याशिवाय बाहेर न्यायची नाहीत, खपल्या जाईपर्यंत रोग्याने रस्त्यावर यायचं नाही. आणि जे गरीब कुटुंब हे पाळेल त्याला रोख बक्षीस. १७९३ मध्ये त्याने ब्रिटनमधून देवी पार नाहीशा करण्याची योजना छापली. रक्तातल्या बीजावर विश्वास असलेल्या माणसाला असं काही सुचणंच शक्य नव्हतं. वेर्लहोफच्या ग्रीक शब्दांपासून चेस्टरच्या बक्षिसापर्यंत मला एक सरळ रेघ दिसते.

१४ मे १७९६ ला जेन्नरने जेम्स फिप्सला गोस्तन देवी, म्हणजे गाईला येणाऱ्या सौम्य देवी, टोचल्या. हा मुलगाही आठ वर्षांचा. त्याच्या आधी रक्त काढणं नाही, उपास नाही, तबेला नाही. दंडावर दोन उथळ चिरा, कातडीत जेमतेम शिरतील इतक्या, प्रत्येकी अर्धा इंच. जेन्नरने हे माप लिहून ठेवलं आहे. त्या चऱ्यात या वेळी गाईकडून आलेली लस होती, जी शेजारच्या मुलाला लागत नाही. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा करत अशीच लस मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ ला तीन वर्षांच्या एका मुलीच्या दंडावर उठली. तिच्या हातावरच्या फोडाची लस मुंबईतल्या आणखी मुलांना टोचली, आणि तिथून ती पुण्याकडे निघाली.